परतीची वाट : आपल्या होस्टेलच्या नेटवर्कचा एक धडा



"नेट चालू आहे का रे?" आपल्या होस्टेलमध्ये सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. "मेसमध्ये आज भाजी काय?" याचा नंबर त्यानंतर. नेटवर्क समितीत असल्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर देण्याचं काम गेली दोन वर्षं माझ्याकडे आहे. गेल्या सत्रात एका रात्री मी "चालू आहे" असं छातीठोकपणे सांगितलं. ते उत्तर अर्धंच खरं होतं. त्यामुळे मुलींच्या होस्टेलमधल्या ४१ जणींची २० मार्कांची चाचणी हुकली. वर त्यांच्यावर संशय आला तो वेगळाच.

ती चूक नेमकी काय होती हे सगळ्यांना कळावं म्हणून हा लेख. पुस्तकात राऊटिंगचं प्रकरण आपण सगळेच वाचतो, तोंडीला उत्तरंही देतो. पण पॅकेट नक्की कोणत्या दाराने बाहेर पडतं आणि त्याचं उत्तर कोणत्या दाराने परत येतं, हे मला त्या रात्रीनंतरच खऱ्या अर्थाने समजलं. संगणक शाखेच्या नसलेल्यांनीही वाचावा, गणित सातवीच्या पुढचं नाही.

एका नेटवर्कची चार नेटवर्क

आधी आपलं सगळं होस्टेल एकाच नेटवर्कवर होतं : १९२.१६८.१.० आणि मास्क २५५.२५५.२५५.०. या मास्कमध्ये शेवटचे ८ बिट यंत्रांसाठी मोकळे राहतात. २ चा ८ वा घात २५६, त्यातला पहिला पत्ता नेटवर्कचा स्वतःचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणजे उरले २५४. आपण राहतो साडेचारशे जण आणि प्रत्येकाकडे एक मोबाईल, एक लॅपटॉप. मग व्हायचं काय? संध्याकाळी आठनंतर जो उशिरा येईल त्याला पत्ताच शिल्लक नसायचा. विंडोजवाला लॅपटॉप अशा वेळी स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन गप्प बसतो. वाय-फायच्या काड्या सगळ्या भरलेल्या, आणि नेट मात्र नाही!

इंटरनेटचा पत्ता ३२ बिटांचा, हे १९८१ साली ठरलं. त्या वेळी नेटवर्क ए, बी, सी अशा ठरावीक मापांतच मिळायचं : सी घेतलं तर २५४ यंत्रं, बी घेतलं तर एकदम ६५,५३४. मधलं माप नाही. १९८५ मध्ये एका नेटवर्कचे आत तुकडे पाडायची, म्हणजे सबनेटची, रीत प्रमाण झाली. १९९३ मध्ये तर वर्गांचं बंधनच गेलं आणि मास्कची रेघ कोणत्याही बिटावर मारता येऊ लागली. १९९६ मध्ये १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खाजगी वापरासाठी आहेत हे पक्कं झालं. हे पत्ते घरात कोणीही वापरावेत, बाहेरच्या इंटरनेटवर त्यांना वाट नाही. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नवीन आखणी केली :

मुलांचं होस्टेल : १०.१०.०.०, मास्क २२ बिटांचा, १०२२ पत्ते.
मुलींचं होस्टेल : १०.२०.०.०, मास्क २३ बिटांचा, ५१० पत्ते.
स्टाफ क्वार्टर्स : १०.३०.०.०, मास्क २४ बिटांचा, २५४ पत्ते.
सर्व्हर रूम : १०.४०.०.०, मास्क २६ बिटांचा, ६२ पत्ते.

मध्ये राऊटर म्हणून लॅबमधून बाद झालेला एक डेस्कटॉप, त्यावर लिनक्स, आणि मागे सहा नेटवर्क पोर्ट. चार आतल्या सबनेटसाठी, दोन बाहेरच्या लाईनसाठी. प्रत्येक सबनेटमधला पहिला पत्ता या राऊटरचा. म्हणजे मुलांकडे तो १०.१०.०.१, मुलींकडे १०.२०.०.१, सर्व्हर रूममध्ये १०.४०.०.१. माणूस एकच, पण प्रत्येक घरी नाव वेगळं.

लॅपटॉप काय ठरवतो?

समजा माझा पत्ता १०.१०.२.३७ आणि शेजारच्या खोलीतल्या मित्राचा १०.१०.३.९. आकडे वेगळे दिसतात म्हणून सबनेट वेगळं का? नाही. २२ बिटांचा मास्क म्हणजे २५५.२५५.२५२.०. तिसरा आकडा २५२, बायनरीत ११११११००. शेवटचे दोन बिट शून्य, म्हणजे तिथे ०, १, २, ३ काहीही असलं तरी नेटवर्क तेच. दोन्ही पत्त्यांना मास्क लावला की उत्तर १०.१०.०.० येतं. मग लॅपटॉप म्हणतो, हा आपल्याच घरचा. तो सरळ हाक मारतो ("१०.१०.३.९ कोण आहे?") आणि पॅकेट थेट देतो. राऊटरला विचारतसुद्धा नाही.

पण मला कॉलेजचा परीक्षा सर्व्हर हवा आहे, १०.४०.०.१०. मास्क लावला तर १०.४०.०.० येतं. हा परका. मग लॅपटॉप जास्त डोकं चालवत नाही. पॅकेट डिफॉल्ट गेटवेच्या, म्हणजे १०.१०.०.१ च्या, हवाली करतो आणि मोकळा होतो.

राऊटर आणि एसटीचा कंडक्टर

राऊटरकडे एक यादी असते, राऊटिंग टेबल. त्यात लिहिलेलं असतं की अमुक नेटवर्क अमुक पोर्टवर. एकापेक्षा जास्त ओळी जुळल्या तर ज्या ओळीचा मास्क सर्वात लांब तिचं ऐकायचं. शेवटी एक डिफॉल्टची ओळ असते. तिचा मास्क शून्य बिटांचा, म्हणून ती सगळ्यांशी जुळते, पण तिचा नंबर कायम शेवटचा. "बाकी सगळे इकडे", असा तिचा अर्थ.

इथे एक गोष्ट पुस्तक सांगतं पण आपल्या डोक्यावरून जाते. राऊटर पाहतो फक्त कुठे जायचंय ते. एसटीचा कंडक्टर "कुठं उतरणार?" एवढंच विचारतो. तुम्ही कोणत्या गावाहून स्टँडवर आलात याच्याशी त्याला काही देणं-घेणं नसतं. राऊटरचंही तेच. पॅकेट मुलांच्या होस्टेलचं असो की स्टाफचं, बाहेर जायचं असेल तर डिफॉल्टची एकच ओळ आणि एकच दार.

आणि आपला प्रश्न तर नेमका इथेच होता. लाईन दोन आहेत. एक जुनी लीज्ड लाईन, दुसरी नवी फायबरची. रात्री मुलांच्या डाउनलोडमुळे पहिली लाईन तुंबायची आणि दुसरी रिकामी पडून राहायची. मी आधी भाबडेपणाने दुसरी डिफॉल्ट ओळ टाकून पाहिली, मेट्रिक जास्त ठेवून. काहीच फरक पडला नाही. पडणारही नव्हता, कारण मेट्रिक जास्त असलेली ओळ पहिली ओळ टेबलातून जाईपर्यंत वापरलीच जात नाही.

मग रेक्टर सरांनी ठरवलं : मुलांचं होस्टेल पहिल्या लाईनवर, मुलींचं होस्टेल आणि क्वार्टर्स दुसऱ्या लाईनवर. म्हणजे आता कंडक्टरने "कुठून आलात?" हे विचारायला हवं.

लिनक्समध्ये याची सोय १९९९ च्या २.२ आवृत्तीपासून आहे. एकाऐवजी अनेक राऊटिंग टेबल ठेवायची आणि त्यांच्या आधी नियमांची यादी. नियम क्रमांकाने तपासले जातात. ० क्रमांकाचा नियम राऊटरच्या स्वतःच्या पत्त्यांचा. ३२७६६ वर नेहमीचं मुख्य टेबल. मधली जागा आपल्यासाठी मोकळी. मी १००० क्रमांकावर नियम टाकला : "पाठवणारा १०.२०.०.० पैकी असेल तर २०० नंबरचं टेबल पाहा." २०० नंबरच्या टेबलात एकच ओळ : डिफॉल्ट, दुसऱ्या लाईनच्या मोडेमकडे, पत्ता १९२.१६८.५०.१. क्वार्टर्सचं काम पुढच्या आठवड्यावर ठेवलं.

पहिला झटका लगेच बसला. पॅकेट दुसऱ्या लाईनने जाताना दिसत होती, उत्तर एकाचंही नाही. कारण साधं होतं. पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता १०.२०.०.५५ असा आतलाच राहिला होता. मोडेमला १०.२० कुठे राहतात हे माहीतच नाही आणि बाहेर तर या पत्त्यांना वाटच नाही. पहिल्या लाईनवर पत्ता बदलण्याची, म्हणजे मास्करेडची, सोय आधीपासून होती. दुसऱ्या लाईनवर ती मी विसरलो होतो. ती लावल्यावर पॅकेट राऊटरचा मोडेमकडचा पत्ता घेऊन जाऊ लागली आणि उत्तरं परत आली.

इथेच मला शहाणपण यायला हवं होतं : जायला वाट मिळाली म्हणजे परत यायला मिळतेच असं नाही. पण मी एवढाच अर्थ काढला की मास्करेड विसरायचं नाही. मुलींच्या होस्टेलच्या रेक्टर मॅडमना फोन केला. त्यांनी मोबाईलवर बातम्यांचं एक पान उघडून पाहिलं. "उघडलं की रे, आणि पटकन उघडलं," म्हणाल्या. मी खूश. काम फत्ते!

ती रात्र

तीन दिवसांनी रात्री नऊला तृतीय वर्षाची ऑनलाईन चाचणी होती. अर्ध्या तासाची, टर्मवर्कचे २० मार्क. बाहेरून कोणी सोडवू नये म्हणून ती फक्त आतल्या परीक्षा सर्व्हरवर, १०.४०.०.१० वर. नऊ वाजून पाच मिनिटांनी मॅडमचा फोन आला, "मुलींना पेपर उघडत नाहीये."

मी माझ्या खोलीतून उघडून पाहिला. उघडला. विचारलं, "गूगल चालतंय का त्यांच्याकडे?" "चालतंय." "मग नेट चालू आहे मॅडम. ब्राउझरचा प्रॉब्लेम असेल. हिस्टरी क्लिअर करून बघायला सांगा."

साडेनऊला चाचणी बंद झाली. मुलांच्या होस्टेलमधले सगळे सोडवून मोकळे, मुलींच्या होस्टेलमधल्या ४१ पैकी ४१ गैरहजर. दुसऱ्या दिवशी सकाळी सर वर्गात म्हणाले की एकजात सगळ्यांचाच ब्राउझर कसा बिघडतो? ठरवून टाळली असणार. सर्व्हरच्या नोंदीत मुलींच्या होस्टेलमधून एकही विनंती आलेली नव्हती, त्यामुळे सरांचा संशय आणखी पक्का झाला. सगळ्यांना शून्य.

दुपारी लॅबच्या दारात तृतीय वर्षाची एक मुलगी वहीचा कागद घेऊन आली. म्हणाली, "दादा, काल पेपर उघडेना तेव्हा मी ट्रेसर्ट करून ठेवलं होतं. बघा ना."

ट्रेसर्ट ही युक्ती फार सुंदर आहे. प्रत्येक पॅकेटला एक आयुष्य असतं, टीटीएल. प्रत्येक राऊटर ते एकाने कमी करतो. शून्य झालं की पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला "वेळ संपली" असा निरोप धाडतो. मग आयुष्य १ देऊन एक पॅकेट सोडायचं, मग २, मग ३. निरोप पाठवणाऱ्यांचे पत्ते ओळीने लिहिले की वाट समोर दिसते.

तिच्या कागदावर पहिली ओळ १०.२०.०.१. दुसरी १९२.१६८.५०.१. तिसरीपासून नुसत्या चांदण्या. ती म्हणाली, "सर्व्हर तर कॉलेजातच आहे ना? मग दुसऱ्या ओळीत हा कुठला पत्ता? आणि अजून एक. गेटवेला पिंग केलं तर उत्तर येत नाही, पण गूगल उघडतं. असं कसं?"

मी तो कागद हातात धरून बराच वेळ काही बोललो नाही.

चूक कुठे होती?

तिच्या लॅपटॉपचं पॅकेट १०.४०.०.१० साठी निघालं आणि राऊटरकडे आलं. नियम ० : हा पत्ता राऊटरचा स्वतःचा आहे का? नाही. नियम १००० : पाठवणारा १०.२० चा आहे का? हो. मग २०० नंबरचं टेबल. त्यात ओळ किती? एकच, डिफॉल्ट. ज्या टेबलात फक्त डिफॉल्टच आहे त्याच्या दृष्टीने सगळं जग "बाकीचे". पलीकडच्या पोर्टला जोडलेली सर्व्हर रूमही बाकीच्यांतच. पॅकेट मोडेमकडे गेलं आणि बाहेर कुठेतरी हरवलं. सर्व्हर रूमची ओळ मुख्य टेबलात होती, पण तिथपर्यंत पाळीच आली नाही. २०० मध्ये जुळणी सापडली की शोध थांबतो.

मुलांना हा नियम लागू नव्हता. त्यांचं पॅकेट थेट मुख्य टेबलात गेलं आणि पेपर उघडला. म्हणून माझ्या खोलीतून सगळं सुरळीत!

आता पिंगचं कोडं. तिचं पिंग १०.२०.०.१ पर्यंत पोचत होतं, ते नियम ० मध्ये जुळत होतं. पण उत्तरही एक स्वतंत्र पॅकेट असतं. त्यावर पाठवणारा कोण? १०.२०.०.१, म्हणजे राऊटर स्वतः. आणि हा पत्तासुद्धा १०.२० चाच! नियम १००० त्यालाही लागला आणि राऊटरने स्वतःचं उत्तर मोडेमच्या गळ्यात घातलं. ट्रेसर्टमध्ये पहिली ओळ मात्र आली, कारण "वेळ संपली" हा निरोप पाठवताना लिनक्स आधी वाट ठरवतो आणि त्यावर स्वतःचा पत्ता नंतर टाकतो. पिंगच्या उत्तरावर पत्ता आधीपासूनच ठरलेला असतो.

दुरुस्ती एका ओळीची. १००० च्या आधी, ९०० क्रमांकावर, एक नियम : "जायचं ठिकाण १०.०.०.० पैकी (मास्क ८ बिटांचा) असेल तर मुख्य टेबल पाहा." म्हणजे आधी विचारायचं, घरातल्या घरात जायचंय का? हो, तर नेहमीची वाट. नाही, तरच कुठून आलात हे पाहायचं. आपले चारही सबनेट १० ने सुरू होतात, त्यामुळे एकाच नियमात सर्व्हरही दिसला आणि पिंगचं उत्तरही आलं. दुसरा उपाय म्हणजे आतल्या सगळ्या ओळी २०० च्या टेबलातही लिहायच्या. पण उद्या पाचवं सबनेट आलं की दोन ठिकाणी लिहायला लागणार, आणि माझ्यासारखा कोणीतरी एक विसरणार.

सरांकडे जाऊन मी तो कागद टेबलावर ठेवला आणि सांगितलं, "सर, नोंदीत विनंती आली नाही हे खरं आहे. पण ती मी येऊ दिली नव्हती." सर रागावले, ते योग्यच होतं. दोन दिवसांनी ४१ जणींची चाचणी नवीन प्रश्नांवर पुन्हा झाली. मी मुलींच्या होस्टेलच्या नोटीस बोर्डवर चूक आणि तिचं कारण लिहून माफी मागितली.

पुढच्या समितीसाठी

लाईन किंवा नियम बदलाल तेव्हा एवढं करा.

एक. प्रत्येक सबनेटमधून तीन गोष्टी तपासा : स्वतःचा गेटवे, दुसऱ्या सबनेटमधलं खरं यंत्र, आणि बाहेरचं एक ठिकाण. दुसऱ्या सबनेटमधला राऊटरचाच पत्ता तपासून उपयोग नाही. १०.४०.०.१ ला पिंग त्या रात्रीसुद्धा लागलं असतं, कारण तो पत्ता नियम ० मध्येच जुळतो आणि त्याच्या उत्तराला नियम १००० लागत नाही.

दोन. नवं टेबल बनवलं की कागदावर दोन बाण काढा, जाण्याचा आणि परतीचा. प्रत्येक बाणावर पाठवणारा आणि घेणारा लिहा. दोन्ही बाण नियमांतून स्वतंत्र चालवून पाहा.

तीन. दुसरी लाईन बंद पडली तरी २०० चं टेबल तिच्याकडेच बोट दाखवत राहतं. मोडेमचा दिवा चालू आणि पुढची तार तुटलेली असली तर राऊटरच्या पोर्टला काहीच कळत नाही. त्यासाठी दर मिनिटाला त्या लाईनने बाहेर पिंग करून पाहणारी आणि गरज पडल्यास ओळ बदलणारी छोटी स्क्रिप्ट आता लावली आहे.

चार, आणि हे पुस्तकात नाही. तक्रार आली की ती जिथून आली तिथूनच तपासा. माझ्या खोलीतून चालतं म्हणजे सगळ्यांचं चालतं, हे मी गृहीत धरलं. मला मुलींच्या होस्टेलमध्ये जाऊन तपासता येत नव्हतं हे खरं, पण तिथल्या कोणाला तरी "ट्रेसर्ट करून सांग" एवढं तर सांगता आलं असतं. ते सोडून मी त्यांच्या ब्राउझरला दोष दिला. आमच्या समितीत तोवर एकही मुलगी नव्हती, हे त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

आता आहे. कागद घेऊन आलेली तीच मुलगी या सत्रापासून समिती सांभाळते. क्वार्टर्ससाठीचा नियमही तिनेच लावला, आणि लावण्याआधी तिथे जाऊन तीनही गोष्टी तपासण्याची तयारी करून ठेवली. त्यामुळे यापुढे "नेट चालू आहे का?" असं मला विचारू नका. विचारलंत तर मी उलट विचारेन : कुठून, कुठे, आणि परत कसं?

— अंतिम वर्ष, संगणक अभियांत्रिकी